मेलेल्यांची कुजबुज

मी पलंग बोलतोय. आता पलंग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर गादी, उशी आणि रविवारची दुपार आली असेल, तर ती बाजूला ठेवा. मी मरणाचा पलंग आहे. दचकू नका हो. माझ्यावर आजवर कितीतरी वेळा माणसं मेली, पण पडदा पडल्याबरोबर उठून चहा प्यायलाही गेली. मी नाटक कंपनीचा पलंग. शेवटच्या अंकात मला रंगमंचाच्या मधोमध ठेवतात आणि एक राजकन्या व एक नावाडी माझ्यावर येऊन प्रेमापायी जीव देतात. इतर पलंगांवर माणसं लोळतात, घोरतात, पेपर वाचतात. माझ्यावर नुसतं गप्प पडायचं असतं. आणि माणसाला सगळ्यात जड काय जात असेल तर ते गप्प पडणं, हे मी अनुभवाने सांगतो.

मला घडवलं कंपनीच्या सुताराने. एका जुन्या दाराच्या फळ्या घेतल्या, फळांच्या खोक्याच्या पट्ट्या घेतल्या आणि जेवणाच्या मोडक्या टेबलाचे तीन पाय घेतले. चौथा पाय काही सापडेना. मग त्याने एका खुर्चीचा पाय काढून मला ठोकला. तो बोटभर आखूड निघाला. कुणीतरी हे दाखवून दिलं तर सुतार म्हणाला, मेलेल्या माणसाला काय कळतंय. झालं, विषय संपला.

प्रेक्षकांकडची माझी बाजू बघाल तर थक्क व्हाल. वेलबुट्टी काय, मोर काय, सोनेरी रंग काय! आतल्या बाजूला मात्र उघड्या फळ्या आहेत आणि त्यांवर खोक्याचा मूळचा शिक्का अजून शाबूत आहे: ‘नाजूक माल. जपून उचला.’ बडा घर पोकळ वासा म्हणतात ना, तो मीच. मला घडवून झाल्यावर सुताराने मजबुती बघायला म्हणून माझ्यावर अंग टाकलं आणि त्याला गाढ झोप लागली. पहिली तालीम तेवढ्यासाठी खोळंबली होती.

आखूड पायामुळे मला एक खोड लागली. माझ्यावर कुणी हललं की मी करकरतो. मालक त्याला खोड म्हणतात. मी त्याला माझं मत म्हणतो.

आता नाटकाविषयी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एक राजा असतो. त्याची एकुलती एक मुलगी. तिच्यावर त्याचं इतकं प्रेम, की तिला वारा लागू नये म्हणून तो तिला नदीकाठच्या बुरुजात ठेवतो आणि बाहेरून कुलूप लावतो. बुरुजाखालून एक नावाडी रोज नाव घेऊन जातो. खिडकीतून नजरानजर होते आणि मग जे व्हायचं ते होतं. सेनापतीचंही राजकन्येवर प्रेम असतं. तो ते राजाला सांगतो, मित्रांना सांगतो, घोड्याला सांगतो, फक्त तिला सांगत नाही. नावाड्याचा एक जिवलग मित्र असतो. त्याचं नावाड्यावर इतकं प्रेम, की नावाडी मेल्यावर तो स्वतःच्या पोटात खंजीर खुपसून घेतो. या ठिकाणी प्रेक्षकांत दरवेळी कुणीतरी पुटपुटतं, “आता याला काय झालं होतं?”

आणि असते दाई. राजकन्येला तिने तळहाताच्या फोडासारखं वाढवलेलं. पोरीने या नावाड्याचा नाद सोडावा, राजाच्या तावडीत सापडू नये, म्हणून ती मायेपोटी एक खोटं बोलते. नाव बुडाली, नावाडी गेला, असं राजकन्येला सांगते. तिला वाटतं, पोर चार दिवस रडेल आणि विसरेल. पोर चार घटकाही थांबत नाही. विषाची कुपी तोंडाला लावते आणि माझ्यावर येऊन पडते. तेवढ्यात नावाडी येतो, ओलाचिंब, चांगला जिवंत. उरलेलं विष तो पितो आणि तिच्या शेजारी पडतो.

या नाटकात खलनायक नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? मला पहिल्या दहा-वीस प्रयोगांत आलं नव्हतं. सगळे एकमेकांवर प्रेमच करतात. बाप प्रेमाने कोंडतो, दाई प्रेमाने खोटं बोलते, सेनापती प्रेमाने मूग गिळून बसतो, आणि शेवटी प्रेतांचा खच पडतो. शत्रू असता तर दोघं वाचली असती, असं मला कधीकधी वाटतं.

आता जे राजकन्या आणि नावाडी माझ्यावर मरायचे, ते खरोखरचे नवराबायको. लग्न झालं त्याच वर्षी त्यांना ही कामं मिळाली आणि तेव्हापासून ती दोघं माझ्यावर मरत आली. मरताना दोघांची तोंडं आतल्या बाजूला, म्हणजे त्या शिक्क्याकडे असायची. हातात हात. मग दाईचा विलाप, मित्राचा खंजीर, आणि शेवटी राजाचं भाषण. राजाचं काम स्वतः मालक करतात. मूळ नाटकात ते भाषण दहा-बारा ओळींचं होतं म्हणे. मालकांनी दरवर्षी त्यात थोडी थोडी भर घातली. आता त्या भाषणात राज्याचा इतिहास आहे, नदीचं वर्णन आहे आणि हवामानाचाही उल्लेख आहे. मालकांचंही एक खरं प्रेम आहे म्हणा, स्वतःच्या आवाजावर.

एवढा वेळ मेलेल्या माणसांनी करायचं काय? ती दोघं बोलायची. ओठ न हलवता, श्वासातल्या श्वासात. प्रेक्षक हुंदके देत असायचे आणि इकडे राजकन्या म्हणायची, पोट आत घ्या, मेलेला माणूस एवढा वरखाली होत नाही. नावाडी म्हणायचा, तुझे पाय बर्फासारखे गार पडलेत, उद्या मोजे घाल. मागच्या दाराला कडी लावली का, दूधवाल्याला नको म्हणून सांगितलं का, सगळं माझ्यावर चालायचं. त्यांच्या मुलीचं लग्नसुद्धा माझ्यावरच ठरलं. तिकडे राजा “माझा वंश बुडाला” म्हणून टाहो फोडत होता आणि इकडे राजकन्या म्हणत होती, मुलगा जरा बुटका आहे पण स्वभावाने चांगला वाटतो.

त्यांचाही इलाज नव्हता हो. दिवसभर तालमी, सामानाची बांधाबांध, आज या गावी तर उद्या त्या गावी. घरी असतील तेव्हा शेजारच्या खोलीत सासूबाई. नवराबायकोला दोन शब्द निवांत बोलायला जागा मिळायची ती भरलेल्या थिएटरात, मेल्यानंतर.

सासूबाईंचं नाव निघालं, तर त्यांचंही सांगतो. नाटकातली दाई म्हणजे नावाड्याची सख्खी आई, राजकन्येची सासू. स्टेजवर जिच्यासाठी ऊर बडवायची, तिलाच विंगेत आल्यावर म्हणायची, भांडी धुऊन पालथी का नाही घातलीस. सूनही कमी नव्हती. दाईच्या कुशीत डोकं ठेवून “तूच माझी आई” म्हणायचा प्रवेश झाला, की आत येऊन म्हणायची, आई, तुमच्या अंगाला त्या मलमाचा वास येतो, माझा घसा बसतो. पण सुनेच्या गळ्याला सुंठेचा काढा कोण करायचं? सासूच. आणि सासूच्या टाचांना ते वासाचं मलम कोण चोळायचं? सूनच. लोकांना स्टेजवरचं प्रेम दिसायचं. मला दोन्हीकडचं दिसायचं आणि कुठलं जास्त खरं हे काही सांगता यायचं नाही.

वर्षं गेली. राजकन्येचे गुडघे दुखायला लागले. तिसऱ्या अंकात ती बापापुढे पुन्हा पुन्हा गुडघे टेकून विनवण्या करते, आणि स्टेजच्या फळ्या काही गादी घातलेल्या नसतात. प्रयोग संपला की ती माझ्या काठावर बसून गुडघे चोळायची, कुणी आलं की साडी खाली ओढायची. नावाड्याची कंबर त्याहून वाईट. दुसऱ्या अंकात तो राजकन्येला उचलून नावेत ठेवतो. उचलताना “प्रिये” म्हणायचं असतं. अलीकडे तो “आई गं” म्हणायला लागला. प्रेक्षकांना वाटायचं नदीला पूर आलाय म्हणून. विंगेत उभ्या असलेल्या खऱ्या आईला मात्र सगळं कळायचं.

तिने दोघांना सरळ विचारायला हवं होतं. बाळांनो, आता ही कामं सोडा, तुमची शरीरं थकली, असं म्हणायचं. पण नाही. दोघं नाटकवेडी, सरळ सांगून ऐकणार नाहीत, असं तिने मनाशी धरलं. मग एका दुपारी, कपडे वाळत घातलेले असताना, ती सुनेला घेऊन माझ्यावर बसली आणि हळूच म्हणाली की तो परवा बोलता बोलता म्हणत होता, राजकन्या आता तरुण हवी, लोक हसतात. सून उठून गेली. संध्याकाळी म्हातारीने मुलाला त्याच जागी बसवलं आणि सांगितलं की ती म्हणत होती, नावाडी आता तरुण हवा, याला बघून कुणी विष कशाला पिईल.

अहो, जी बाई वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी मायेपोटी खोटं बोलते, आणि त्याचा काय परिणाम होतो ते दोन प्रेतांसकट रोज डोळ्यांनी बघते, त्याच बाईने हे करावं? पालथ्या घड्यावर पाणी. तिची अटकळ अशी, की दोघं जरा हिरमुसतील आणि आपण होऊन कामं सोडतील. गुडघे वाचतील, कंबर वाचेल, झालं. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

दोघांनी काम सोडलं नाही. बोलणं सोडलं.

असा अबोला मी पाहिला नव्हता. तो मीठ मागायचा तर आईकडे मागायचा, आणि मीठ बायकोच्या हातात असायचं. माझ्यावर मेल्यावर हातात हात घ्यायचे, कारण नाटकात तसं लिहिलंय, पण दोन लाकडी चमचे एकमेकांवर ठेवावेत तसे. कुजबुज नाही, कुरकुर नाही, पोट आत घ्या नाही. दोघं इतकी चोख मेली, की मालक एकदम खूश. कंपनीत सगळ्यांना सांगत सुटले की शेवटी वीस-बावीस वर्षांनी यांना मरायचं कसं ते कळलं.

आणि मी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दोन्ही खोटी माझ्यावर बसून बोललेली, दोन्ही माझ्या कानांवर पडलेली. एका वाक्याचं काम होतं. मी करकरून सांगायचा प्रयत्न केला. डावीकडे करकरलो, उजवीकडे करकरलो. मालकांनी आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि माझं मत तेवढ्यापुरतं बंद केलं.

म्हातारीची तर झोप उडाली होती. पण एकदा खोटं बोलल्यावर ते परत कसं घ्यायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. नाटकातली दाई सगळे मेल्यावर कबूल करते. तोवर थांबायची सोय घरात नसते.

मग तो प्रयोग आला. त्या दिवशी राजकन्येने आपली बॅग विंगेत माझ्या मागे आणून ठेवली. कपडेपट सांभाळणाऱ्या बाईला तिने सांगितलं, की सकाळच्या गाडीने मी बहिणीकडे जातेय, परत यायची नाही, आजचा शेवटचा प्रयोग. नाटकात राजकन्येच्या सखीचं काम करणारी पोरगी सगळे संवाद पाठ म्हणते, तिला उद्यापासून उभी करा. कपडेपटवाली रडायला लागली तर तिला म्हणाली, रडू नका, माझ्या चोळीला टाका घाला. मी हे ऐकलं आणि माझ्या फळ्या थंड पडल्या. एवढा जन्म मी खोट्या मरणांना टेकू दिला होता. आता खरोखरच काहीतरी मरणार होतं आणि ते कपडेपटवालीखेरीज मला एकट्यालाच ठाऊक होतं.

तीन अंक पार पडले. दुसऱ्या अंकात नावाड्याने “आई गं” म्हटलं, तिसऱ्यात राजकन्येने गुडघे टेकले. चौथ्यात मला मधोमध ठेवलं. दाई खोटं बोलली, राजकन्येने कुपी तोंडाला लावली. कुपीत बिनसाखरेचा गार चहा असतो, त्यामुळे तोंड वाकडं करायचा अभिनय करावा लागत नाही. ती पडली. नावाडी ओलाचिंब आला, उरलेला चहा प्यायला आणि पडला. हातात हात. तोंडं आतल्या बाजूला. सेनापती मागे मान खाली घालून उभा, मित्र खंजिरावर हात ठेवून तयार, राजा पायथ्याशी घसा साफ करतोय.

आणि राजकन्या बोलली. ओठ न हलवता, श्वासातल्या श्वासात.

“सकाळी मी जातेय. आईंच्या गोळ्या डब्यात भरून ठेवल्यात.”

नावाडीही तसाच कुजबुजला. “जा. तुला तरुण नावाडी हवाय ना.”

“मला? अहो, तरुण राजकन्या तुम्हालाच हवी आहे.”

“मी कधी म्हणालो? कोण म्हणालं असं?”

पुठ्ठा घातलेला असूनही मी एवढासा करकरलो, राहवलंच नाही मला. मग दोघांच्या तोंडून एकदमच निघालं.

“आई.”

नेमकी त्याच क्षणी आई आली. म्हणजे दाई आली, केस मोकळे, हात पसरलेले, आणि धप्पकन माझ्या उशाशी गुडघ्यांवर बसली. तिच्या विलापाचं पहिलं वाक्यच असं आहे, की माझ्या मायेनेच तुला मारलं गं पोरी. ते म्हणत तिने राजकन्येच्या छातीवर डोकं ठेवलं. तिथे तिला खालून कुजबुज ऐकू आली.

“आई, राजकन्या तरुण हवी असं हे म्हणाले, ते तुम्ही मनाचंच सांगितलंत ना?”

म्हातारीने डोकं वर केलं. इतकी वर्षं मी तिचं रडणं बघतोय. तिला रडायचं तंत्र माहीत आहे. आधी हुंदका, मग आवाज, मग पदर. त्या दिवशी सगळं उलटसुलट आलं, नाकही वाहायला लागलं. नाटकात पुढचं वाक्य आहे, “मी खोटं बोलले, महाराज.” ते तिने म्हटलं. इथवर ठीक. पण ती थांबेचना.

“मी खोटं बोलले, महाराज. हिचे गुडघे हो, असे सुजतात. फळ्यांवर टेकून टेकून काळे पडलेत. आणि याची कंबर. हिला उचलतो तेव्हा ‘आई गं’ म्हणतो, मी काय बहिरी आहे? सरळ सांगितलं असतं तर ऐकलं नसतं दोघांनी. म्हणून मी हिला एक सांगितलं आणि याला एक सांगितलं. मला वाटलं, जरा रुसतील आणि बसतील घरी. हे असं होईल हे मला काय माहीत.”

राजा गडबडला. त्याच्या पाठांतरात गुडघे नव्हते. पण इतक्या वर्षांचा नट तो, वेळ मारून नेण्यात पटाईत. भरदार आवाजात त्याने विचारलं, “दाई, राजकन्येचे गुडघे दुखत होते आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“तुम्हाला सांगून काय उपयोग,” दाई म्हणाली. “तुम्हीच टेकायला लावता.”

प्रेक्षकांत हुंदके सुरू झाले. लोकांना वाटलं नाटकात आहे. दाईने कपाळ पुसलं आणि उठायला गेली, तर उठवेना. सुनेच्या गुडघ्यांची काळजी करणाऱ्या बाईचे स्वतःचे गुडघे आखडून बसले होते. तिने माझ्या काठाला धरलं, एकदा जोर लावला, दुसऱ्यांदा लावला. राजा बघतोय, सेनापती बघतोय, भरलेलं थिएटर बघतंय.

तेव्हा मेलेली राजकन्या उठून बसली. “थांबा आई, ओढू नका स्वतःला. मी धरते,” ती मोठ्याने म्हणाली. दुसऱ्या बाजूने बुडालेला, विष प्यालेला नावाडीही उठला. कंबरेला एक हात लावून त्याने दुसरा हात आईच्या काखेत घातला. दोन प्रेतांनी मिळून म्हातारीला उचललं आणि माझ्यावर बसवलं.

सेनापतीचं काम करणारा गडी मुळात भित्रा. मान खाली घालून उभा होता, त्याने मान वर केली तर मेलेली माणसं चालतायत. तो गपकन राजाच्या मागे लपला. मित्र खंजीर उपसून उभा होता, कारण आता त्याने पोटात खुपसून घ्यायची वेळ झाली होती. त्याने नावाड्याकडे नीट बघितलं. नावाडी धडधाकट होता. मित्राने गुपचूप खंजीर म्यानात घातला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो वाचला होता, त्याला आनंद झालेला स्पष्ट दिसत होता.

आणि मग हशा आला. पहिल्या रांगेतून सुरू झाला आणि मागे मागे पसरत गेला. पण मालक ते मालक. भाषण राहिलं होतं ना. मेलेली माणसं उठली म्हणून राजाने शोक करायचा सोडायचा का? त्यांनी हात वर केला आणि सुरुवात केली, “हे निश्चल देहांनो!” निश्चल देह माझ्यावर रांगेत बसून ऐकत होते. मधे दाई, एका बाजूला राजकन्या तिचं नाक पुसतेय, दुसऱ्या बाजूला नावाडी. राजा नदीच्या वर्णनापर्यंत पोहोचला तेव्हा मित्राला अवघडल्यासारखं झालं. न मेल्यामुळे त्याला उभं राहायला ठरलेली जागाच नव्हती. तो इकडे तिकडे बघत हळूच आला आणि तोही माझ्यावर टेकला. नेमका आखूड पायाच्या बाजूला.

मी तोंड भरून मत दिलं आणि मोडलो. खुर्चीचा पाय एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, चौघं जमिनीवर. विंगेतून कुणीतरी शहाण्याने पडदा पाडला.

पडद्याआड, माझ्या फळ्यांच्या ढिगात, सगळ्यांत वर म्हातारी होती, तिला काही लागलं नव्हतं. मित्र रांगत बाहेर पडला. राजकन्या तिथेच बसून राहिली. तिने नवऱ्याकडे न बघता विचारलं, की मग राजकन्या दुसरी आणायची नाही तर.

“आणू देत ना मालकांना,” तो म्हणाला. “तुझे गुडघे काय मला दिसत नाहीत? पण मी दुसऱ्या कुणाबरोबर मरणार नाही. मला ते जमायचं नाही.”

तिने ढिगात हात घातला. एक चप्पल शोधून पायात घातली. मग म्हणाली, “विंगेत माझी बॅग आहे, ती आत घेऊन या. जड आहे, वाकून उचलू नका.” आणि रडायला लागली. म्हातारीने लगेच पदर पुढे केला. सुनेने त्याच पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, मलमाचा वास येतोय. कुणी हसलं नाही. मी मोडका पडलो होतो, पण इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

मालक दोन दिवस फुरंगटून बसले. मग तिकीट खिडकीवर लोक येऊन दाईचे गुडघे आता कसे आहेत असं विचारायला लागले, तेव्हा त्यांचा राग निवळला. कामं मात्र बदलली. सखी झालेली पोरगी आता राजकन्या आहे. द्वारपालाचं काम करणारा एक पोरगेला नट नावाडी झालाय. आमची राजकन्या आता दाई करते, आमचा नावाडी द्वारपाल. भाला टेकून उभं राहायचं, कंबरेला आराम. म्हातारी विंगेत स्टुलावर बसून सगळ्यांच्या चुका काढते. नव्या जोडीला मरायला नवा पलंगही आणलाय, चारही पाय सारखे, करकर नाही, मतही नाही.

मला सुताराने आखूड पायाच्या जागी विटा लावून दिल्या आणि मी विंगेत पडलोय. जुनं जोडपं आपल्या प्रवेशाची वाट बघत माझ्यावर बसतं. ती पाय लांब करते, तो गुडघा दाबून देतो. आता त्यांना कुजबुजायची सवय राहिली नाही. मोठमोठ्याने बोलतात, भांडतात, आणि स्टेजवरून मालक राजाच्या आवाजात दटावतात.

नव्या जोडीची मला काळजी होती, खरं सांगतो. दोघं मेल्यावर अगदी चूप. त्यांचं नुकतंच एकमेकांवर मन बसलंय, हे मला विंगेतूनही कळतं, आणि नव्या प्रेमात एकमेकांना सांगण्यासारखं काही नसतं. नुसते हात धरून पडतात, गालांवर लाली. मेलेल्या माणसाला लाली? पण परवाच्या प्रयोगात मालक नदीच्या वर्णनावर होते आणि मला त्या नव्या पलंगावरून बारीकसा फुसफुसाट ऐकू आला. ती म्हणत होती, माझ्या केसांवर झोपलायस. तो म्हणाला, मी मेलोय, सरकू कसा? ती म्हणाली, मग मरताना बघून मरायचं. माझ्या जिवात जीव आला. जमेल यांचं.

तर मंडळी, मी म्हातारा पलंग, माझं एवढंच मागणं आहे. कधी नाटकाला आलात, शेवटच्या अंकात सगळे रडत असले आणि पलंगावरच्या प्रेताचे ओठ तुम्हाला हलताना दिसले, तर शेजारच्याला कोपर मारून दाखवू नका. हसू नका, खोकू नका. राजाकडे बघा आणि त्याला मनापासून टाळ्या द्या, म्हणजे तो भाषण अजून जरा लांबवेल. त्या दोघांना वेळ हवा असतो.